एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कोण? अर्ल लॉइडची गोष्ट, जरा सविस्तर

एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग, आणि हा प्रश्न क्विझमध्ये आला की भांडण ठरलेलं. एक जण म्हणतो चक कूपर, दुसरा म्हणतो नॅट क्लिफ्टन, तिसरा म्हणतो अर्ल लॉइड, आणि गंमत अशी की तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. कूपरला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात तिथे, या तिघांत सगळ्यात आधी उचललं, क्लिफ्टनचं कॉन्ट्रॅक्ट पहिलं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, आणि मॅचमध्ये प्रत्यक्ष कोर्टवर पाय पहिल्यांदा ठेवला तो लॉइडने, 31 ऑक्टोबर 1950 ला. त्यात अजून एक हॅरोल्ड हंटर नावाचा प्लेअर होता, त्याने तर क्लिफ्टनच्याही आधी सही केलेली, पण सीझन सुरू व्हायच्या आधीच कॅम्पमधून त्याला घरी पाठवलं, त्यामुळे तो कुणाच्याच उत्तरात येत नाही बिचारा.

आता लॉइड पहिला का ठरला? कारण त्याच्या टीमची पहिली मॅच एक दिवस आधी होती. बस्स. कूपर दुसऱ्या दिवशी, 1 नोव्हेंबरला खेळला आणि क्लिफ्टन त्यानंतर दोन-तीन दिवसांत. वेळापत्रक बनवणाऱ्या माणसाने मॅचेस उलट्या लावल्या असत्या तर आज हा लेख कूपरवर असता. लॉइडला हे चांगलंच माहीत होतं आणि तो आयुष्यभर लोकांना ते सांगत राहिला, "पहिला" म्हणून मिरवायची त्याला फार हौस नव्हती.

पण "पहिला" कोण हे ठरवण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला लागते, की एनबीए म्हणजेच सगळं प्रोफेशनल बास्केटबॉल असं तेव्हा नव्हतंच. आपण आज सकाळी चहा पिता पिता एनबीएचे हायलाइट्स बघतो म्हणून आपल्याला ते कायमचंच मोठं वाटतं. 1902 मध्येच मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावचा बकी ल्यू हा काळा पोरगा न्यू इंग्लंडच्या लीगमध्ये गोऱ्यांबरोबर पैसे घेऊन खेळत होता. नंतर मात्र दारं बंद होत गेली आणि काळ्या खेळाडूंनी आपल्या टीमच वेगळ्या काढल्या. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 1923 साली बॉब डग्लसने न्यूयॉर्क रेनेसान्स काढली, लोक नुसतं रेन्स म्हणायचे, ती टीम 1932-33 मध्ये सलग 88 मॅच जिंकली. 1939 मध्ये शिकागोला प्रोफेशनल टीम्सची जागतिक स्पर्धा पहिल्यांदा भरली तेव्हा फायनलमध्ये ऑशकॉश ऑल-स्टार्स या गोऱ्यांच्या टीमला हरवून रेन्सच चॅम्पियन झाली, आणि पुढच्या वर्षी हार्लेम ग्लोबट्रॉटर्स. म्हणजे खेळता येत नव्हतं म्हणून बाहेर ठेवलं होतं हा मुद्दा तिथेच संपतो.

ग्लोबट्रॉटर्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बॉल बोटावर फिरवणारे, पब्लिकला हसवणारे लोक येतात. पण फेब्रुवारी 1948 मध्ये शिकागो स्टेडियममध्ये, जवळपास 18 हजार लोकांसमोर, त्यांनी मिनियापोलिस लेकर्सना 61-59 ने हरवलं, शेवटच्या क्षणी अर्मर रॉबिन्सनने लांबून टाकलेल्या बास्केटवर. लेकर्स म्हणजे जॉर्ज मायकनची टीम, तेव्हाची सगळ्यात भारी. लोकांना वाटलं चुकून झालं असेल, तर पुढच्या वर्षी पुन्हा हरवलं.

एवढं सगळं समोर दिसत असताना एनबीएचे मालक काळ्या खेळाडूंना घेत का नव्हते? वंशभेद हे उत्तर आहेच, ते काही मी नाकारत नाही, पण त्यात धंद्याचं एक गणित पण मिसळलेलं होतं आणि ते समजल्याशिवाय 1950 समजत नाही. एनबीएचा अर्धा भाग म्हणजे 1946 साली निघालेली बीएए नावाची लीग, ती काढणारे बरेचसे लोक मोठमोठ्या हॉलचे, आइस हॉकीच्या स्टेडियमचे मालक. त्यांना बास्केटबॉलचं प्रेम वगैरे कमी, हॉकी नसेल त्या रात्री हॉल रिकामा राहू नये ही काळजी जास्त. लीगच्या मॅचला गर्दी व्हायची नाही. मग काय करायचं, तर एकाच तिकिटावर दोन मॅच ठेवायच्या, एक ग्लोबट्रॉटर्सची आणि एक लीगची. पब्लिक यायचं ग्लोबट्रॉटर्सना बघायला, लीगवाले त्यांच्या जिवावर पोट भरायचे. आणि ग्लोबट्रॉटर्सचा मालक एब सेपरस्टाइन, हा स्वतः गोरा, त्याला देशातले चांगले काळे खेळाडू आपल्याकडेच हवे होते, कारण ते दुसरीकडे खेळायला लागले तर याच्याकडे कोण येणार. त्यामुळे त्याला दुखवायची कुणाची टाप नव्हती. म्हणजे एका बाजूला भेदभाव आणि दुसऱ्या बाजूला त्या भेदभावावर चाललेलं दुकान, अशी ती गाठ.

दुसऱ्या लीगचं, एनबीएलचं, जरा वेगळं होतं. युद्धामुळे माणसं कमी पडली तेव्हा 1942 मध्ये टोलेडो आणि शिकागोच्या टीम्सनी काळे खेळाडू घेतले, 1946 मध्ये रॉचेस्टर रॉयल्सने डॉली किंगला घेतलं. 1948-49 मध्ये तर रेन्सची अख्खी टीमच डेटन गावाच्या नावाने या लीगमध्ये खेळली. ऑगस्ट 1949 मध्ये बीएए आणि एनबीएल एकत्र आल्या, 17 टीम्सची एनबीए झाली, आणि त्या पहिल्या एकत्रित सीझनला त्यात एकही काळा खेळाडू नव्हता! लीग एक झाल्या आणि उघडलेलं दार परत लावून घेतलं. लोक हा भाग सांगताना विसरतात, त्यांना वाटतं की आधी अंधार होता आणि मग 1950 ला एकदम उजेड पडला.

आणि हो, बीएएमध्ये गोरे नसलेला पहिला खेळाडू काळा नव्हता, जपानी वंशाचा होता. युटाचा वाटारू मिसाका, उंची फक्त 5 फूट 7 इंच, 1947 मध्ये न्यूयॉर्क निक्सकडून तीन मॅच खेळला, सात पॉइंट काढले, मग टीमने काढून टाकलं. विषयांतर झालं, पण त्याचं नाव आल्याशिवाय राहवलं नाही.

तर एप्रिल 1950, शिकागो, ड्राफ्ट. ड्राफ्ट म्हणजे आपल्या आयपीएलच्या ऑक्शनसारखं समजा, फक्त बोली नसते, टीम्स नंबर लावून कॉलेजमधली पोरं एकेक करून निवडतात. दुसऱ्या राउंडला बॉस्टन सेल्टिक्सचा मालक वॉल्टर ब्राउन म्हणाला, चक कूपर, ड्यूकेन युनिव्हर्सिटी. कुणीतरी त्याला आठवण करून दिली की अहो, तो काळा आहे. त्यावर ब्राउनने जे उत्तर दिलं त्याचा मतलब असा, की तो पट्ट्यापट्ट्यांचा असो, चौकटींचा असो नाहीतर ठिपक्यांचा, मला काही फरक पडत नाही, बॉस्टनला तो हवाय. सेपरस्टाइन भडकला आणि आपली टीम बॉस्टनला पाठवणार नाही म्हणून बसला, ब्राउनने त्याला भीक घातली नाही. एका मालकाने केलं की बाकीच्यांना धीर येतो. नवव्या राउंडला, शंभराव्या नंबरवर, वॉशिंग्टन कॅपिटल्सने अर्ल लॉइडचं नाव घेतलं. आणि पुढे निक्सने क्लिफ्टनला थेट ग्लोबट्रॉटर्सकडून विकत घेतलं, सुमारे साडेबारा हजार डॉलरला. यातले अडीच हजार क्लिफ्टनच्या हातात पडले. त्याला सौदा पाच हजारांचा आहे असं सांगून अर्धे दिल्याचं दाखवलं होतं, खरा आकडा नंतर कळला, ही गोष्ट क्लिफ्टनने पुढे सांगितली.

आता लॉइड. जन्म 3 एप्रिल 1928, व्हर्जिनियातलं अलेक्झांड्रिया. वॉशिंग्टन शहर नदीच्या पलीकडे, पण व्हर्जिनिया म्हणजे कायद्याने वेगळी शाळा, वेगळी बाकं, सगळंच वेगळं. तो पार्कर-ग्रे या फक्त काळ्या मुलांच्या शाळेत शिकला, मग वेस्ट व्हर्जिनिया स्टेट या काळ्यांच्याच कॉलेजात गेला. 1947-48 मध्ये त्यांची टीम एकही मॅच हरली नाही. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, अंगाने दणकट, कॉलेजातलं टोपणनाव मूनफिक्सर, म्हणजे चंद्र दुरुस्त करणारा, एवढा उंच आहेस तर वरचा चंद्र पण तूच नीट कर अशी ती मस्करी. आपली निवड झाली हे त्याला कसं कळलं, तर क्लासला जाताना बरोबरच्या एका मुलीने सांगितलं की रेडिओवर तुझं नाव ऐकलं, वॉशिंग्टनची कुठलीतरी टीम आहे. फोन नाही, पत्र नाही, रेडिओवर कुणीतरी ऐकलं म्हणून कळलं.

31 ऑक्टोबर, रॉचेस्टर, न्यूयॉर्क राज्य. कॅपिटल्स 78-70 ने हरले, लॉइडने 6 पॉइंट आणि 10 रिबाउंड काढले. रिबाउंड म्हणजे बास्केट हुकल्यावर रिंगवरून परत येणारा बॉल गर्दीत घुसून, ढोपरं खाऊन हातात घेणं. पदार्पणात दहा म्हणजे उत्तम. आणि मग काय झालं? काहीच नाही. घोषणा नाही, राडा नाही, पेपरात मोठी हेडलाइन नाही. त्या रात्री हॅलोविन होतं, त्यावरूनही लॉइड नंतर जोक करायचा.

इतकी शांतता कशी? कारण बेसबॉलमध्ये 1947 साली जॅकी रॉबिन्सन आला तेव्हा अख्खा देश बघत होता, बेसबॉल म्हणजे तिकडचा क्रिकेटच समजा. एनबीए तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हती. शिवाय रॉचेस्टरच्या लोकांनी चार वर्षांपूर्वी डॉली किंगला आपल्याच टीमच्या जर्सीत बघितलेलं होतं, आणि उत्तरेकडच्या बऱ्याच कॉलेज टीम्समध्ये काळे-गोरे एकत्र खेळत होते. लॉइड म्हणायचा की माझी रॉबिन्सनशी तुलना करू नका, त्याच्या टीममधल्याच काही जणांना तो नको होता, माझं तसं नव्हतं. मला हा माणूस आवडायला लागला तो इथेच.

पण म्हणून सगळं छान होतं असं समजू नका. कोर्टवर शांतता असली तरी हॉटेलात नव्हती. फोर्ट वेनच्या हॉटेलने लॉइडला खोली दिली, पण डायनिंग रूममध्ये बसून जेवायचं नाही असं सांगितलं. मग तो खोलीतच जेवण मागवून एकटा बसला, तर थोड्या वेळाने कोच बोन्स मॅकिनी आपलं जेवण घेऊन वर आला आणि त्याच्याबरोबर जेवला. मॅकिनी हा नॉर्थ कॅरोलिनाचा, म्हणजे दक्षिणेतला गोरा माणूस. त्याने हॉटेलशी भांडण केलं नाही, टीम उठवून बाहेर नेली नाही, फक्त वर येऊन जेवला. आज बसून म्हणता येतं की एवढंच? पण लॉइड पन्नास वर्षांनंतरही ते सांगत होता, त्यावरून काय समजायचं ते समजा. इंडियानापोलिसला प्रेक्षकांमधून कुणी त्याच्यावर थुंकलं. शिव्या तर रोजच्याच, त्यावर त्याचं म्हणणं होतं की ते शिव्या देत नसतील तर समजायचं तू काही कामाचं खेळत नाहीयेस.

वॉशिंग्टनमधल्या मॅचला त्याचे आईवडील आले होते, तेव्हाची एक गोष्ट तो सांगायचा. जवळ बसलेल्या एका गोऱ्या प्रेक्षकाने काळ्या लोकांसाठी वापरतात तो घाण शब्द वापरून विचारलं, याला खेळता तरी येतं का? आईने वळून, तोच शब्द वापरून, शांतपणे सांगितलं की काळजी करू नका, येतं त्याला.

कूपरचंही तेच. कॉलेजात असताना, डिसेंबर 1946 मध्ये, टेनेसी युनिव्हर्सिटीची टीम मॅचला येऊन पोचली आणि कूपर खेळणार असेल तर आम्ही कोर्टवर उतरत नाही म्हणून परत गेली. सेल्टिक्समध्ये असताना 1952 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉली शहरात हॉटेलने त्याला खोली नाकारली, तेव्हा तो रात्रीच्या ट्रेनने निघाला आणि बॉब कूझी, म्हणजे टीमचा मोठा स्टार, त्याच्याबरोबर निघाला. स्टेशनवर बघतात तर गोऱ्यांचं बाथरूम वेगळं आणि काळ्यांचं वेगळं. दोघं एकत्र कुठे जाणार? शेवटी प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन अंधारात उरकलं. कूझीने ही आठवण म्हातारपणी कितीतरी वेळा सांगितली, हसत पण आणि डोळे पुसत पण.

लॉइडचा पहिला सीझन फक्त सात मॅचचा. कोरियाचं युद्ध सुरू होतं, त्याला आर्मीचं बोलावणं आलं, आणि तो तिकडे असतानाच जानेवारी 1951 मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्स टीमच बंद पडली. तेव्हाची एनबीए ही अशी, टीम्स सीझनच्या मधेच गुंडाळल्या जायच्या. सिरॅक्यूज नॅशनल्सने त्याला आपल्याकडे घेतलं आणि 1952 ला तो परत आला.

आता मला वाटतं खरी गोष्ट इथून सुरू होते आणि ती फार कमी सांगितली जाते. काळे खेळाडू लीगमध्ये आले, पण त्यांनी काय करायचं हे आधीच ठरवून ठेवलं होतं. समोरच्या टीमच्या हुकमी प्लेअरला अडवायचं, रिबाउंड घ्यायचे, आपल्या स्टारला मोकळी जागा मिळावी म्हणून आडवं उभं राहायचं, म्हणजे मजुरी. पॉइंट काढायचं काम गोऱ्या स्टारचं. कूपरला याचा फार राग होता, आपल्याला मुद्दाम दाबलं असं तो पुढे म्हणाला. शिवाय प्रत्येक टीममध्ये काळे किती असायचे याचा न लिहिलेला कोटा, आधी एक-दोन, मग तीन-चार. कुठल्या कागदावर नाही, पण सगळ्यांना माहीत. 1958 मध्ये सेंट लुइस हॉक्स चॅम्पियन झाले तेव्हा त्यांच्या टीममध्ये एकही काळा नव्हता, आणि पाचही काळे खेळाडू एकदम सुरुवातीला उतरवायची हिंमत व्हायला डिसेंबर 1964 उजाडला, तीही सेल्टिक्सनेच केली.

लॉइडने मात्र त्या मजुरीलाच आपलं हत्यार केलं. रोज रात्री समोरचा सगळ्यात डेंजर माणूस त्याच्या अंगावर. 1953-54 मध्ये लीगमधले सगळ्यात जास्त फाउल त्याच्या नावावर होते, ते वाचून लोक हसतात, पण विचार करा ना, ज्याला रोज वाघाला अडवायला उभं करता त्याला ओरखडे येणारच. टीमचा स्टार डॉल्फ शेज, पॉइंट त्याचे, फोटो त्याचे. लॉइड मागे राहून घाव झेलणारा.

इथे अजून एक विषयांतर करतो, कारण ते याच टीमशी जोडलेलं आहे. लॉइडच्या पहिल्याच सीझनला, नोव्हेंबर 1950 मध्ये, फोर्ट वेन पिस्टन्सनी लेकर्सना 19-18 ने हरवलं. हाफटाइमचा नाही, अख्ख्या मॅचचा स्कोअर! आघाडी घेतली की बॉल हातात धरून बसायचं, कोणी काही करू शकत नसे. लोक कंटाळून मॅचला येईनासे झाले. सिरॅक्यूजचा मालक डॅनी बियासोन, त्याने साधा भागाकार केला. चांगल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण 120 शॉट मारतात, मॅच 48 मिनिटांची म्हणजे 2880 सेकंद, भागाकार 24. तोच आजचा 24 सेकंदांचा शॉट क्लॉक, म्हणजे बॉल हातात आला की तेवढ्या वेळात शॉट मारायलाच हवा, 1954 पासून. खेळ एकदम पळायला लागला आणि पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या खेळाडूंची किंमत वाढली.

आणि त्याच पहिल्या शॉट क्लॉकच्या सीझनला लॉइडचा सगळ्यात चांगला खेळ झाला, सरासरी 10.2 पॉइंट आणि 7.7 रिबाउंड. फायनल फोर्ट वेन पिस्टन्सशी, तेच फोर्ट वेन जिथे त्याला डायनिंग रूममध्ये बसू दिलं नव्हतं. सातवी मॅच, 10 एप्रिल 1955, सिरॅक्यूजमध्ये. 17 पॉइंटने मागे पडलेली टीम हळूहळू वर आली, शेवटच्या काही सेकंदांत जॉर्ज किंगने फ्री थ्रो टाकला आणि लगेच समोरच्याचा बॉल पण चोरला, 92-91. लॉइड आणि त्याचा टीममेट जिम टकर हे एनबीए चॅम्पियन झालेले पहिले काळे खेळाडू. यावेळी मात्र तो पहिला ठरला यात वेळापत्रकाचा काही हात नव्हता.

पुढचं पटकन सांगतो. 1958 ला तो डेट्रॉइट पिस्टन्सकडे गेला, 1960 ला रिटायर झाला. नंतर तिथेच असिस्टंट कोच, आणि 1971-72 मध्ये हेड कोच. कोच म्हणून रेकॉर्ड वाईटच, 22 विजय आणि 55 पराभव, पुढच्या सीझनच्या सात मॅच झाल्या आणि नारळ दिला. टीम आधीपासूनच गडबडलेली होती, पण ते सांगून उपयोग नाही, कोचचा हिशोब आकड्यांवरच होतो. 26 फेब्रुवारी 2015 ला तो गेला, 86 वर्षांचा होता.

कूपर खेळणं सोडून पिट्सबर्गला परतला, शिकला, 1970 मध्ये शहराच्या उद्यान विभागाचा प्रमुख झाला, 1984 मध्ये वारला. क्लिफ्टन, ज्याला गोड सरबतं-सोडा आवडायचा म्हणून सगळे स्वीटवॉटर म्हणायचे, तो 34 व्या वर्षी ऑल-स्टार मॅच, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंची मॅच, खेळला आणि नंतर शिकागोमध्ये कितीतरी वर्षं टॅक्सी चालवली. 1990 मध्ये टॅक्सीच्या स्टिअरिंगवर असतानाच गेला.

हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, क्लिफ्टनला घेतलं 2014 ला, कूपरला 2019 ला, दोघंही जाऊन किती वर्षं झाली होती बघा. लॉइडला 2003 मध्ये घेतलं, त्यामुळे तिघांपैकी तो एकटाच स्वतः स्टेजवर उभा राहू शकला. पण तिथेही त्याला कुठल्या खात्यात घातलं माहितेय का? "खेळाडू" म्हणून नाही, "योगदान देणारा" म्हणून. नऊ सीझन, 560 मॅच, एक चॅम्पियनशिप, आणि तरी खेळाडूंच्या यादीत नाही.